पाय घसरला की फरशी?

दिवाळी अंकाच्या वाचकांपुढे फराळाचे ताट ठेवावे, मोरीची गोष्ट काढू नये, एवढा शिष्टाचार मला कळतो. जन्मभर शाळेत मराठी शिकवले. प्रसंग पाहून बोलावे, हे मुलांकडून निबंधात लिहवून घेणाऱ्यांपैकीच मी एक. तरीही ह्या वर्षी मी मोरीविषयीच लिहिणार आहे, आणि तेही भांडणाच्या सुरात. कारण मला जे सांगावयाचे आहे ते नरक चतुर्दशीच्या पहाटेपूर्वी तुमच्या घरात पोचले पाहिजे. भाऊबीज उलटल्यावर वाचलेत तर त्याचा उपयोग निम्माच.

त्या पहाटेचे चित्र जरा डोळ्यांपुढे आणा. बाहेर अजून उजाडलेले नाही. अंगाला तेल, तळपायांना तेल, वर उटणे. कढत पाण्याची वाफ न्हाणीघरात कोंडलेली. चष्मा काढून फडताळात ठेवलेला. खाली ओली, गुळगुळीत फरशी. तिच्यावर तेलाचे ओघळ आणि साबणाचा फेस. आणि ह्या सगळ्याच्या मध्यभागी पंचाहत्तर-ऐंशी वर्षांचे एक माणूस, हाताला धरावयास काही नसताना, एका पायावर उभे राहून दुसऱ्या पायाला उटणे चोळीत आहे! एखाद्या वैऱ्याने म्हाताऱ्या माणसाला पाडण्याचा बेत रचला असता, तर त्याने तरी याहून वेगळे काय केले असते? आम्ही ह्याला मंगलस्नान म्हणतो. ते मंगल आहेच. माझे भांडण अभ्यंगाशी नाही. माझे भांडण आपल्या बेफिकिरीशी आहे.

तीन वर्षांपूर्वी अशाच पहाटे आमच्या वहिनी पडल्या. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंची पत्नी. वय अठ्ठ्याहत्तर. आमचे गाव मुळशी तालुक्यात, पौडच्या अलीकडे. जुने घर पाडून नवा बंगला बांधला त्याला तेव्हा दोन वर्षे झाली होती. न्हाणीघराची फरशी मी स्वतः पुण्याला जाऊन पसंत करून आणली होती. दुकानदाराने तिच्यावर पाणी ओतून दाखविले नाही, आणि मीही ओतावयास सांगितले नाही. तिच्यात तोंड दिसते, एवढ्यावरच मी भुललो.

आधी तांब्या पडल्याचा आवाज आला, मागोमाग वहिनींचा. दार आतून लावलेले. ते उघडण्यात दहा मिनिटे गेली. त्यांना खाटेवर आणून निजविले तेव्हा त्या म्हणाल्या, "मुका मार आहे, भाऊजी. सणाच्या दिवशी दवाखाना नको. लक्ष्मीपूजन तेवढे होऊ द्या." आम्ही लक्ष्मीपूजन होऊ दिले. विटेचा शेक दिला, तेल चोळले. पाडव्याला पुण्यास नेले तेव्हा डॉक्टरांनी चादर बाजूला केली आणि विचारले, "पाय आखूड झाला आहे, पाऊल बाहेर वळले आहे, हे तुम्हाला कुणालाच दिसले नाही?" मांडीच्या हाडाची मान मोडली होती. अशा मोडीवर शक्य तर एक-दोन दिवसांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी, उशीर होईल तसा धोका वाढतो, हे मला तेव्हा कळले. शस्त्रक्रिया झाली. वहिनी घरी आल्या. पण खिडकीजवळच्या खाटेवरून मनासारख्या उठल्या म्हणून नाहीत. पुढल्या आषाढात छातीत कफ भरला आणि त्या गेल्या.

तेराव्याला एक वडीलधारे गृहस्थ माझ्याजवळ बसून म्हणाले, "वय झालेच होते. मरणाला काहीतरी निमित्त लागते." मी मान डोलावली. ती डोलावलेली मान आज मला जाहीरपणे मागे घ्यावयाची आहे.

निमित्त! हा शब्द किती सोयीचा आहे पाहा. तो एकदा उच्चारला की फरशीवर ठपका येत नाही, अंधारावर येत नाही, हाताशी दांडा न बसविणाऱ्या दिरावर येत नाही. सारे काळाच्या खात्यावर जमा होते. आणि ह्याचाच जुळा भाऊ म्हणजे "पाय घसरला" हा वाक्प्रचार. कोणीही पडले की आपण म्हणतो, त्यांचा पाय घसरला, त्यांचा तोल गेला. पाय त्यांचा, तोलही त्यांचाच. म्हणजे चूकही त्यांचीच. फरशी घसरती होती, असे म्हणताना मी कुणाला ऐकलेले नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षे जे पाय भातखाचरांच्या बांधांवरून, शेवाळलेल्या दगडांवरून, डोक्यावर भारा घेऊन बिनचूक चालले, ते दोन वर्षांच्या फरशीवर एकाएकी घसरू लागले, ह्यात दोष पायांचा आहे असे म्हणावयास आपली जीभ कशी धजते?

आमच्या मुळशी पेट्याला पायाखालची जमीन जाणे नवे नाही. १९२१ च्या रामनवमीला, १६ एप्रिल रोजी, येथल्या मावळ्यांनी टाटांच्या वीजप्रकल्पाच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह मांडला. सेनापती बापट त्या लढ्याचे पुढारी झाले. "जान किंवा जमीन" ही त्या लढ्याची घोषणा होती. धरण झाले, खोऱ्यातली भातखाचरे पाण्याखाली गेली. पुढे त्याच तालुक्यात हिंजवडीला संगणकांचे कारखाने आले, रस्त्याकडेच्या जमिनींना भाव आला, आणि आमच्यासारख्यांनी बंगले बांधले. आता जमीन कोणी हिरावून घेत नाही; आपणच ती पैसे मोजून गुळगुळीत करून घेतो. 'जान किंवा जमीन' ह्या शब्दांचा असाही अर्थ निघेल, हे त्या सत्याग्रहींच्या स्वप्नातही आले नसेल!

कोणी म्हणेल, हा जुन्याचा उमाळा आहे. मुळीच नाही. जुने घर मला पुरते आठवते. उंबरठे वीतभर उंच, माजघरात भरदिवसा अंधार, माडीचा जिना शिडीसारखा उभा. जुन्या घरांतही माणसे पडत होती. पण त्या जिन्याला वरून एक जाड दोर सोडलेला असे. तो धरल्यावाचून कोणी चढत-उतरत नसे. न्हाणीतला दगड टाकी मारलेला, खरबरीत होता. बसून आंघोळ करावयाची, उठताना शेजारचा खांब धरावयाचा. जमीन शेणाने सारवलेली. तीवर ओले पाऊल सहसा सरकत नसे. माणसाला धरावयास काही लागते, एवढी गोष्ट ते घर बांधणाऱ्या अशिक्षित गवंड्याला ठाऊक होती. आम्ही शिकलो, घर नवे केले, उजेड आणला हे उत्तमच झाले. पण दोर काढला आणि त्या जागी काहीच लावले नाही. हा माझा आरोप आहे.

आता निमित्तवाद्यांचे मुख्य म्हणणे घेऊ. म्हातारपण आले की पडणे आलेच, त्याला इलाज नाही, असे ते म्हणतात. देवीच्या रोगाविषयीही आपण असेच म्हणत होतो. देवी कोपली, असे म्हणून हात जोडून बसत होतो. लस टोचणारे गावोगाव हिंडले आणि १९७५ साली भारतातला शेवटचा रुग्ण नोंदला गेला. देवी कुठल्या कुठे गेली. इलाज नाही, असे म्हणण्यापूर्वी इलाज करून पाहिला पाहिजे, एवढाच त्याचा धडा.

पडण्याचा इलाज करून पाहिलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसे पडून मरतात; अपघाती इजांच्या मृत्यूंत ह्याहून मोठे कारण एकच, रस्त्यावरचे अपघात. ह्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू आपल्यासारख्या कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात, आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा साठीच्या पुढच्यांचा. म्हणजे हा श्रीमंत देशांचा लाडावलेला आजार नव्हे. आपल्या पडवीतला आहे. आणि उपायांची परीक्षा? २०१९ साली कोक्रेन ह्या संस्थेने पंचवीस देशांतल्या १०८ चाचण्यांचा, तेवीस हजारांवर माणसांचा हिशेब एकत्र मांडला. तोल आणि पायांचे बळ वाढविणारा व्यायाम नियमाने करणाऱ्या वृद्धांत पडण्याचे प्रमाण २३ टक्क्यांनी घटलेले दिसले. त्याच संस्थेने २०२३ साली घरातले धोके काढून टाकण्याच्या उपायांचा हिशेब मांडला: पडणे २६ टक्क्यांनी कमी, आणि जे आधी पडले आहेत किंवा ज्यांना पडण्याची भीती अधिक, त्यांच्यात ३८ टक्क्यांनी. चारातले एक पडणे टळत असेल तर त्याला काळाचा खेळ म्हणावयाचे की आपला आळस?

दुसरा पक्ष प्रेमळ मंडळींचा. त्यांच्यावर हत्यार उचलणे जिवावर येते, कारण मीही त्यांच्यातलाच होतो. "आजी, तू उठू नकोस, मी देते." "वहिनी, आता बसा, खूप केलेत." नव्या बंगल्यात आल्यापासून आम्ही वहिनींना पाण्याचा हंडा उचलू दिला नाही, अंगण झाडू दिले नाही, दुकानापर्यंत जाऊ दिले नाही. ज्या बाई पासष्टाव्या वर्षी आवणीला चिखलात वाकत होत्या, त्यांना आम्ही दोन वर्षे खुर्चीत बसविले आणि त्याला सेवा म्हटले. न वापरलेला स्नायू झडतो. म्हातारपणी तर फार लवकर झडतो. खुर्चीतल्या माणसाचा तोल खुर्चीतच राहतो. मग ते एकदा अडखळते, त्याला भीती बसते. भीतीने ते आणखी कमी चालते. कमी चालल्याने आणखी दुबळे होते. आणि दुबळे झाल्याने खरोखरच पडते. ह्या चक्राला पहिला धक्का आपल्या मायेचाच असतो.

माया करावयाची तर अशी करा. ओट्याला धरून टाचा वर उचलणे, खाली टेकणे, दहा वेळा. हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठणे, बसणे; जमेल तितके. ओट्याला एक बोट लावून एका पायावर दहा आकडे मोजणे. टाचेपुढे अंगठा ठेवीत भिंतीच्या कडेने चालणे. आधी डॉक्टरांना विचारा, पहिले काही दिवस घरातले कोणी शेजारी उभे राहा, मग हळूहळू वाढवा. आठवड्यातून निदान तीन दिवस, आणि महिनोन् महिने. ह्याला काही विकत आणावे लागत नाही. शेजारी उभे राहणारे माणूस तेवढे लागते. खरी टंचाई त्याचीच आहे.

तिसरा आक्षेप पैशांचा, आणि तो गरिबाच्या तोंडी शोभतो, आमच्या नाही. न्हाणीघरात आणि संडासाजवळ भिंतीला एक-एक पोलादी दांडा बसवावयास मला बाराशे रुपये लागले; वहिनी गेल्यावर. त्यांच्या शस्त्रक्रियेचा खर्च येथे सांगत नाही. शेजारी मांडला तर लाज वाटेल. सरकारचाही हिशेब असाच उफराटा आहे. २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला आयुष्मान योजनेखाली, कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळाले, चांगलेच झाले. म्हणजे मोडलेले हाड जोडावयास पाच लाख आहेत. हाड मोडू नये म्हणून काय आहे? महाराष्ट्रात त्याच वर्षी वयोश्री योजना आली: पासष्टीपुढच्या, दोन लाखांच्या आतील उत्पन्नाच्या माणसाला काठी, चष्मा, कमोडची खुर्ची अशा साधनांसाठी एकदा तीन हजार रुपये. हेही चांगले. पण काठी हातात देऊन ज्या वाटेवरून ती टेकीत जावयाची ती वाट शेवाळलेलीच राहिली तर काय साधले?

आमच्या तालुक्यात ही वाट म्हणजे काय, ते पुणेकरांना सांगितले पाहिजे. ताम्हिणीच्या अंगाला पाऊस दोनशे इंचांच्या वर पडतो. आषाढापासून भाद्रपदापर्यंत अंगणातला प्रत्येक दगड हिरवा असतो. २०१४ नंतर स्वच्छ भारतात घरोघर संडास झाले, घरटी बारा हजारांचे साहाय्य मिळाले, बायाबापड्यांची लाज राखली गेली. त्याचे मोल मी जाणतो. पण मी पाहिले त्या वस्त्यांत ते बहुधा परसात, घरापासून वीस-पंचवीस पावलांवर. रात्री तीनला, पावसात, म्हातारे माणूस ती पावले टाकते. वाटेत दिवा नाही. आत उकिडवे बसावयाचे; उठताना धरावयास नुसती गुळगुळीत भिंत. तीत एक दांडा ठोकण्याचे सरकारला सुचले नाही हे एक वेळ समजेल. घरच्या मुलाला का सुचू नये? तसेच एस.टी.चे. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना राज्यात फुकट प्रवास आहे. पण पहिली पायरी ज्याला चढवत नाही, त्याला फुकट तिकिटाने कुठे जावयाचे? सवलत द्यावयाची ती गुडघ्यालाही द्यावी लागते.

आणि आता, वाचकहो, मी माझ्याच वयाच्या मंडळींकडे वळतो; कारण सर्वांत मोठे गुन्हेगार आम्हीच. आम्ही काठी घेत नाही. काठीने म्हातारे दिसतो म्हणे! जणू काठीवाचून कोणी आम्हाला पंचविशीचे समजत होते. आम्ही पडलो तर कपडे झटकून उठतो आणि कुणाला सांगत नाही. वहिनी त्याआधी श्रावणात एकदा अंगणात पडल्या होत्या. हे त्या गेल्यावर त्यांच्या शेजारणीकडून कळले. तिला त्यांनी शपथ घातली होती. एकदा पडलेले माणूस पुन्हा पडण्याचा संभव अधिक, हे त्या माउलीला कोण सांगणार? तिला भय वाटले असेल ते हेच, की आता आपल्याला अंगणातही जाऊ देणार नाहीत. आणि ते भय खोटे नव्हते. आम्ही खरोखरच जाऊ दिले नसते! म्हणजे त्यांच्या लपविण्यालाही कारण आम्हीच.

आम्ही डॉक्टरांकडे जातो ते गोळ्या वाढवून घ्यावयास. रक्तदाबाची, झोपेची, आणखी कसली. अंथरुणातून ताडकन उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि आम्ही तिला अशक्तपणा म्हणतो. उभे राहताच रक्तदाब उतरतो का, कोणती गोळी कमी करता येईल, हे विचारीत नाही. मोतीबिंदू "पिकू दे" म्हणून वर्षानुवर्षे डोळ्यांत वागवितो आणि पायरी दिसली नाही की पायाला दोष देतो. विचारा, न लाजता विचारा. स्वतःच्या मनाने गोळी बंद मात्र करू नका.

आता मागणे सांगतो. सरकारकडे एक: मोडलेल्या हाडाला जसा पैसा मिळतो तसा भिंतीतल्या दांड्यालाही मिळावा, आणि सरकारी साहाय्याने जो संडास बांधला जाईल त्यात तो असल्यावाचून शेवटचा हप्ता देऊ नये. ग्रामपंचायतीकडे तीन: देवळाच्या पायऱ्यांना कठडा, संडासांच्या वाटेवर दिवा, आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला शेवाळ खरवडणे. ज्येष्ठ नागरिक संघांनी सत्कार-समारंभ थोडे कमी करून आठवड्यातून तीन सकाळी तोलाचे व्यायाम घ्यावे. आणि तुमच्याकडे मागणे अगदी लहान आहे. ह्या नरक चतुर्दशीला घरच्या वडीलधाऱ्यांना तेल न्हाणीघराबाहेर, खुर्चीवर बसवून लावा. तळपाय पुसून मगच आत न्या. आत आधारासाठी जड, न हलणारे स्टूल ठेवा. खाली खरबरीत रबरी चटई घाला. दिवा मोठा लावा. चष्मा आत येईपर्यंत डोळ्यांवर असू द्या. कडी आतून लावू देऊ नका. दारातली चपलांची रास, घडी पडलेला गालिचा, गुळगुळीत फरशीवरची ऐन वाटेतली रांगोळी, ही सारी पणत्या लावण्यापूर्वी बाजूला करा. आणि कोणी पडलेच, उभे राहवेना, तर लक्ष्मीपूजनासाठी थांबू नका. लक्ष्मी समजूतदार आहे. ती दुसऱ्या दिवशीही येते.

मी आता पंचाहत्तरीत आहे. गेल्या वर्षी अभ्यंगाच्या वेळी माझ्या नातीने मला स्टुलावर बसविले आणि दांड्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आजोबा, तो धरा." मी धरला. पोलाद पहाटेच्या थंडीत गार लागते. तो धरून उठताना माझ्या मनात आले, की बाराशे रुपये आणि अर्धा दिवस गवंडी, एवढेच तर लागले. आणि दोन वर्षे हे न्हाणीघर आमच्या ताब्यात होते.

ते गृहस्थ ह्या दिवाळीला फराळाला येणार आहेत. निमित्ताची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली तर ह्या वेळी मी मान डोलावणार नाही. त्यांना हात धरून न्हाणीघरात नेईन आणि ती फरशी दाखवीन. ती मी अजून बदललेली नाही. टाकीवाला गवंडी दिवाळीनंतर येतो म्हणाला आहे. तोपर्यंत तिच्यावर चटई आहे. तुमच्याकडे नसेल तर आजच आणा.